सैल जमीन, सैल हात

ग्रांफूला वळलं की डांबर मागे राहतं. पुढचं चाक दगडगोट्यांत उतरतं आणि हँडल हातात थरथरू लागतं. क्षणात डावीकडे ओढ, क्षणात उजवीकडे. अंगातला प्रत्येक स्नायू सांगतो, घट्ट धर. घट्ट धरलं की गाडी आणखीच भरकटते. हिमाचलातल्या या वाटेवर एकटीने मोटरसायकल नेताना पहिल्या तासाभरात एवढं कळलं होतं. असं का होतं हे उमजायला मात्र परत आल्यावर कित्येक महिने गेले, आणि त्या शोधात जे हाती लागलं त्याने मी आजही थक्क आहे. गाडी आपण चालवतो, ही माझी समजूत त्यात बरीचशी गळून पडली.

आधी वाट सांगते. मनालीहून निघून अटल बोगद्याच्या पलीकडे लाहौलमध्ये बाहेर पडलं की लेहला जाणारे डावीकडे, केलाँगच्या दिशेला लागतात. स्पितीला जाणारे उजवीकडे वळतात, कोकसरहून ग्रांफू गाठतात आणि चंद्रा नदीच्या काठाने वर सरकत राहतात. छत्रू, छोटा दडा, बातल, मग साडेचार हजार मीटरांहून उंच असलेला कुंझुम घाट आणि पलीकडे उतरलं की लोसर. एमएच पाटीच्या गाड्या या वाटेवर दर उन्हाळ्यात भेटतात. रुंदीकरणामुळे या रस्त्याचं रूप वर्षागणिक बदलतं आहे, पण मी गेले तेव्हा लांबच्या लांब पट्ट्यांत रस्ता म्हणजे डोंगराने खाली सोडलेला माल होता आणि त्या मालावरून चाकांनी पाडलेल्या दोन चाकोऱ्या.

माझी गाडी ज्या जातीची, तिला आपल्याकडे ‘ॲडव्हेंचर बाइक’ म्हणतात. ही जात १९८० साली बीएमडब्ल्यूने काढलेल्या ‘आर ८० जी/एस’पासून ठळक झाली. नावातली दोन अक्षरं जर्मन आहेत, एक रानवाटेचं आणि एक सडकेचं. पुढच्याच वर्षी ह्युबेर ओरिओल या फ्रेंच स्वाराने त्या गाडीवर पॅरिस-डाकार शर्यत जिंकली. आपल्याकडे २०१६ साली रॉयल एन्फील्डची ‘हिमालयन’ आली आणि ही गाडी सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. तिचं पुढचं चाक २१ इंची. बैलगाडीचं चाक एवढं मोठं का असायचं, त्याचं जे कारण तेच याचं. लहान चाक दगडाला धडकतं, मोठं चाक त्याच दगडावर चढून पलीकडे उतरतं.

पण खरी नवलाई गाडीखाली आहे. ही जमीन घन म्हणावी की द्रव? कणगीच्या तळाचं भोक उघडलं की धान्य पाण्यासारखं वाहतं, आणि त्याच धान्याच्या खळ्यातल्या राशीवर पोरं खुशाल उभी राहतात. विहिरीत जितकं खोल जावं तितका पाण्याचा दाब वाढतो. उंच कोठारातल्या धान्याचं तसं नसतं. एका खोलीनंतर तळावरचा दाब वाढायचा थांबतो, कारण दाणे एकमेकांवर आणि भिंतींवर रेलून आपला भार बाजूला ढकलतात. यान्सेन नावाच्या जर्मन अभियंत्याने १८९५ साली हे मोजून दाखवलं. दाब आला की ज्यांच्यात रंगांचे पट्टे उमटतात अशा पारदर्शक चकत्यांचा थर रचून शास्त्रज्ञांनी त्यावर भार ठेवला, तेव्हा सगळ्या चकत्या सारख्या उजळल्या नाहीत. झाडाच्या फांद्यांसारख्या थोड्याच रेघा लख्ख झाल्या. भार त्या साखळ्यांवर, आणि शेजारचे कितीतरी दाणे जवळजवळ रिकामे! चाक अर्धा वीत पुढे सरकलं की जुन्या साखळ्या मोडतात, नव्या जुळतात. मोटरसायकल खडीवरून जाते तेव्हा तिच्याखाली सेकंदाला असे कितीतरी पूल बांधले जातात आणि कोसळतात.

याचाच एक चमत्कार कोकणात गेलेल्या प्रत्येकाने पाहिलेला आहे. गुहागरच्या किंवा दिवेआगरच्या किनाऱ्यावर ओल्या वाळूत पाऊल टाकलं की भोवतालची वाळू क्षणभर कोरडी, पांढरट दिसते. दाबली तर तिच्यातून पाणी वर यायला हवं, ते आत कुठे जातं? १८८५ साली ऑसबोर्न रेनॉल्ड्स यांनी याचा उलगडा केला. वाळूचे कण आधीच एकमेकांत गच्च बसलेले असतात. पावलाने त्यांना सरकवायचं तर प्रत्येक कणाला शेजारच्यावर चढून जावं लागतं, म्हणजे वाळू आकसायच्या ऐवजी फुगते. कणांमधल्या पोकळ्या मोठ्या होतात आणि वरचं पाणी त्या पोकळ्यांत ओढलं जातं. या ओढीमुळेच कण एकमेकांना घट्ट धरून राहतात, आणि भरतीरेषेजवळच्या ओल्या पट्टीवरून गाडी जाते तिथे चार हात वरच्या कोरड्या वाळूत रुतते.

चंद्रेच्या काठी याचं दगडी रूप दिसतं. पहिले दोन दिवस मला सगळे दगड सारखेच दिसत होते. मग फरक कळू लागला. डोंगराच्या कुशीत पंख्यासारखा पसरलेला जो माल असतो, त्याचे दगड धारदार, कोनाकोनाचे. हिवाळ्यात खडकाच्या भेगांत पाणी गोठतं, गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि खडक फोडतं, वर्षानुवर्षं हेच. असे दगड एकमेकांत कोपरं रुतवून बसतात. त्यांच्यावर गाडी गेली की आवाज भयंकर होतो, पण चाक धरून राहतं. नदीकाठचे गोटे पाण्याने घासून गोल केलेले, सुंदर दिसतात, आणि चाकाखाली सुपारीसारखे घरंगळतात. तिसरा प्रकार हिमनदीने आणून टाकलेला. बातलच्या अलीकडे नदीपल्याड बडा शिग्री ही हिमाचलातली सगळ्यांत मोठी हिमनदी आहे. हिमनदी निवड करत नाही. खोलीएवढा धोंडा, मूठभर खडी आणि पिठासारखी माती एकाच ढिगात सोडून देते. त्या ढिगावर दहा पावलांत जमिनीचा स्वभाव तीनदा बदलतो.

आपल्या गावाकडच्या रस्तेकामावरच्या माणसांना हे पक्कं माहीत असतं. फोडलेली खडी पसरायची, वर मुरूम, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा. नदीतले गोल गोटे त्या थरात चालत नाहीत. जॉन मॅकॅडम या स्कॉटिश रस्तेकाऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हाच आग्रह धरला होता: लहान, फोडलेला, कोनदार दगड वापरा, वाहनांच्या वजनानेच तो एकमेकांत बसत जाईल. खडीचा रस्ता म्हणजे नीट अडकवलेली सैल जमीनच.

आता त्या थरथरणाऱ्या हँडलकडे येते.

मोटरसायकल उभी का राहते? फिरत्या चाकाचा भवऱ्यासारखा तोल तिला सावरतो, असं मी शाळेपासून ऐकलं होतं. दुसरं कारण पुढच्या चाकाच्या बांधणीत सांगितलं जातं. हँडलचा दांडा ज्या रेषेत तिरका खाली येतो ती रेष जमिनीला चाकाच्या टेकण्याच्या जागेपुढे मिळते, म्हणून चाक त्या रेषेमागे ओढलं जातं, सामानाच्या ट्रॉलीच्या चाकासारखं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही मदत करतात. पण २०११ साली अमेरिकन आणि डच संशोधकांच्या एका गटाने अशी सायकल बनवली, जिच्यात उलट फिरणारी जादा चाकं लावून भवऱ्याचा परिणाम पुसून टाकला होता आणि टेकण्याची जागाही किंचित पुढे नेली होती. तिला स्वाराविना ढकलून दिली. ती तरीही स्वतःला सावरत सरळ गेली! म्हणजे तोलाचं रहस्य एका कारणात मावत नाही. वजन कुठे ठेवलं आहे, दांडा किती तिरका आहे, हँडलच्या भागाचा भार कसा वाटला आहे, या सगळ्याचा मेळ जमला की एक गोष्ट घडते. गाडी ज्या बाजूला पडू लागते, पुढचं चाक आपोआप त्याच बाजूला वळतं आणि पडणाऱ्या वजनाखाली जाऊन उभं राहतं. तळहातावर काठी तोलताना आपण काठी झुकेल तिकडे हात नेतो, अगदी तसं. पुरेशा वेगात असलेली मोटरसायकल हे सारखं करत असते. ती सरळ जाते म्हणजे क्षणोक्षणी पडते आणि क्षणोक्षणी सावरते.

म्हणजे हँडलची ती थरथर हा बिघाड नसतो. दगडाने चाक डावीकडे फेकलं की गाडी किंचित उजवीकडे झुकते, चाक उजवीकडे वळतं, ती सावरते. तोवर पुढचा दगड आलेला असतो. घट्ट आवळलेले हात हे काम बंद पाडतात. त्याहून वाईट म्हणजे माझ्या धडाचं प्रत्येक हिंदकळणं ताठ हातांतून थेट हँडलमध्ये उतरतं आणि गाडीला वाटतं, मी वळायला सांगते आहे. हे कारण उमजण्याआधीच, त्या वाटेवर मी गुडघ्यांनी टाकी धरायला शिकले आणि मुठी सैल सोडल्या, चिमणीचं पिल्लू धरावं तशा. पहिल्यांदा तसं जमलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं होतं. इतका वेळ ही गाडी मला सांभाळायला धडपडत होती आणि मी तिचे हात धरून ठेवले होते.

फूटरेस्टवर उभं राहण्याचंही असंच. उभं राहिलं की वजन खाली जातं आणि गुरुत्वमध्य उतरतो, असं बरेच जण सांगतात. तसं होत नाही. शरीर वर गेलं की दोघांचा मिळून गुरुत्वमध्य वरच जातो. फायदा निराळाच आहे. बसलेला माणूस गाडीला जखडलेलं गाठोडं असतो. उभा राहिला की त्याचे गुडघे आणि घोटे मधली स्प्रिंग होतात, गाडी खाली हवी तशी हेलकावते आणि वरचं शरीर आपल्या वाटेने शांत जात राहतं. कंडक्टर धावत्या एसटीत तिकिटं फाडताना कधी पाहिला असेल तर हे लगेच समजेल.

कोरड्या रेतीत मात्र नुसतं सैल राहून भागत नाही. तिथे पुढचं चाक रुततं आणि नांगरासारखं समोर रेती लोटू लागतं. विरोध चाकाच्या पुढून येऊ लागतो, त्यामुळे त्याला मागे ओढून सरळ ठेवणारी ती ट्रॉलीसारखी सोय दुबळी होते. अशा वेळी थ्रॉटल सोडणं हीच मोठी चूक, कारण वेग कमी होताच वजन पुढच्या चाकावर येतं आणि नांगर आणखी खोल जातो. हळूच थ्रॉटल वाढवला तर वजन मागे सरकतं, पुढचं चाक हलकं होऊन वर तरंगतं. घाबरल्यावर वेग वाढवणं हे शरीराला पटवायला फार दिवस लागतात.

ब्रेकचं गणितही इथे उलटतं. डांबरावर चाक लॉक होऊ न देणारं एबीएस जीव वाचवतं. सैल खडीवर मात्र लॉक झालेलं चाक आपल्यापुढे खडीचा छोटा बांध साठवतं आणि त्या बांधाला अडून थांबतं. फिरत राहिलेलं चाक तो बांध तयारच होऊ देत नाही, म्हणून थांबायला जास्त अंतर लागतं. रानवाटेच्या गाड्यांवर मागच्या चाकाचं एबीएस बंद करण्याची सोय असते ती यासाठी.

टायरमधली हवा हा या विद्येतला सगळ्यांत जुना धडा असावा. राल्फ बॅगनॉल्ड हा ब्रिटिश लष्करी अधिकारी १९२० आणि ३०च्या दशकांत फोर्डच्या साध्या मोटारी घेऊन लिबियाच्या वाळवंटात शिरला. टायरमधली हवा कमी करायची आणि रुतलेल्या चाकांखाली पोलादी पट्ट्या घालायच्या, हे त्याने तिथे घोटून बसवलं. मग त्याच वाळूने त्याला इतकं झपाटलं की घरी परतून त्याने वाऱ्याचा बोगदा बांधला, कण कसे उडतात ते मोजलं आणि १९४१ साली उडत्या वाळूच्या पदार्थविज्ञानावर ग्रंथ प्रसिद्ध केला. हा माणूस मला फार जवळचा वाटतो. हवा कमी करण्याचा हिशेब साधा आहे. सामान, स्वार आणि गाडी मिळून मागच्या चाकावर साधारण १६० किलो आले आणि टायरमध्ये ३२ पीएसआय हवा असेल, तर जमिनीला टेकणारा टायरचा भाग ढोबळमानाने ७० चौरस सेंटिमीटर, पत्त्यापेक्षा थोडा मोठा. २० पीएसआयवर तो ११० च्या वर जातो. तेवढ्या वाढीव जागेत दाण्यांच्या आणखी साखळ्या भार उचलायला येतात. मात्र स्पितीसारख्या दगडी मुलखात फार हवा सोडली तर रिम दगडावर आपटून वाकते, म्हणून तिथे हात आखडता ठेवावा लागतो.

एकटं असण्याचा खरा अर्थ मला नाल्याशी कळला. छत्रूच्या पुढे दुपारी तीनच्या सुमारास एक नाला आडवा आला. पाणी गढूळ, आणि तळातून दगड एकमेकांवर आपटल्याचा खोल, घुमणारा आवाज. बरोबर कोणी असतं तर एकाने आधी चालत जाऊन पाहिलं असतं आणि दुसऱ्याने गाडी मागून धरली असती. मी गाडी बंद केली, बूट पाण्यात घातला, गुडघ्याच्या वर पाणी चढताच मागे फिरले आणि छत्रूच्या ढाब्यावर मुक्कामाला परतले. ढाब्यावरच्या काकांनी काही विचारलंच नाही, रजया काढून ठेवल्या.

हे नाले बर्फाच्या पाण्याचे. सूर्य वर आला की वरचं बर्फ वितळू लागतं आणि ते पाणी खाली पोहोचेपर्यंत दुपार कलते. पहाटे ओघ सगळ्यांत कमी. पण दुपारी पाणी नुसतं वाढत नाही, ते वेगही धरतं, आणि इथे निसर्गाचा एक अचाट नियम लागू होतो. पाणी केवढा दगड हलवू शकतं ते वेगाच्या सहाव्या घातावर ठरतं. वेग दुप्पट झाला की ६४ पट वजनाचा दगड सरकू शकतो. ढोबळ नियम आहे, पण तळातल्या त्या घुमणाऱ्या आवाजाचं कारण त्यात आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्याच नाल्याशी गेले तेव्हा पाणी पोटरीच्याही खाली होतं, आणि आदल्या दिवशी खूण म्हणून मनात ठेवलेला प्रेशर कुकरएवढा दगड जागेवर नव्हता. मधल्या काही तासांत नाल्याने आपला तळ नव्याने रचला होता. काल कोणी वाट दाखवली असती तरी आज ती उपयोगाची नव्हती. मी पुन्हा चालत गेले, पायांनी दगड चाचपले, परत येऊन पहिला गिअर टाकला, नजर पलीकडच्या काठावर ठेवली आणि हात सैल सोडले.

पडले ती नाल्यात नाही, कुंझुमच्या चढावर, एका वळणावर, अगदी चालीच्या वेगात. कमी वेगात गाडीची स्वतःला सावरण्याची कला चालत नाही. तिथे सगळा तोल स्वाराचा आणि क्लचचा. इंजिन बंद करून आधी दहा श्वास घेतले. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ५७ टक्के असतो. इंजिनही दमतं, माणूसही. गाडी दोनशे किलोच्या घरातली, पण सगळं वजन उचलावं लागत नाही. चाकांची कड जमिनीवर टेकलेली राहते आणि गाडी पहारीसारखी उचलली जाते; सुरुवातीला निम्म्याच्या आसपास जोर, आणि ती जसजशी उभी होते तसतसा तोही उतरत जातो. पिशव्या सोडल्या. गाडी उजव्या कुशीवर होती, म्हणून साइड स्टँड आधीच उघडून ठेवला आणि गाडी मागे सरकू नये म्हणून पहिला गिअर टाकला. मग सीटला पाठ टेकवून, एका हाताने हँडल आणि दुसऱ्याने मागची दांडी धरून, कंबर न वाकवता पायांच्या जोरावर छोटी छोटी पावलं मागे टाकत गेले. तिसऱ्या खेपेला ती उभी राहिली. फोनला रेंज नव्हती, आणि सॅटेलाइट फोन विनापरवाना जवळ बाळगणं आपल्या देशात गुन्हा आहे. म्हणून निघताना ढाब्यावर माझं नाव, गाडीचा नंबर आणि लोसरला कधीपर्यंत पोहोचेन ते लिहून ठेवलं होतं. एकट्याने जाणाऱ्या प्रत्येकाने एवढं तरी करावं, असं मी कळकळीने सांगते.

पिशव्या पुन्हा बांधेपर्यंत ऊन वर आलं होतं. मागे वळून पाहिलं तर मी जिथून आले त्या कोरड्या रेतीच्या पट्ट्यात टायरने खोल चर पाडला होता, आणि त्याच्या कडांवरून कण अजून घरंगळत होते. थोड्या वेळाने ते थांबले. चराच्या दोन्ही बाजूंना इवले उतार तयार झाले होते. कोरडी रेती साधारण ३४ अंशांहून जास्त तीव्र उतारावर टिकत नाही, मग तो उतार बोटभर असो की डोंगराएवढा. मी मान वर केली. नदीपलीकडे हजारभर फूट उंचीचा दगडांचा पंखा कड्याच्या पायथ्याशी टेकला होता. कोनदार दगडांमुळे किंचित अधिक ताठ, पण माझ्या चराच्या कडेसारखाच तिरका. वरून एक खडा सुटला, टणटण करत बराच वेळ खाली आला आणि त्या उतारावर कुठेतरी बसला.